अठरा दिवसांचा तारा

४ जानेवारी

ताई,

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर आपली पहिली चार मिनिटं आईच्या गुडघ्यांत जातात आणि पाचव्या मिनिटाला आपण भांडतो. महत्त्वाचं असेल ते पत्रात लिहायचं, हा तुझाच नियम. तो मी पाळते आहे, नोंद घे.

पेपर गेला! परवा दुपारी मासिकाकडे पाठवला आणि टेबलावर डोकं टेकून अर्धा तास नुसती पडून राहिले. आपल्या डोंगरावरच्या दुर्बिणीचा पेपर, ताई! आठवते ना ती? गळका घुमट, खडखडणारी मोटर, आणि आपण दोघी आळीपाळीने ड्युटीवर. तू खाली उतरायचीस तेव्हा मी वर चढायचे, आणि मधल्या वळणावर आपण एकमेकींना नुसता हात करायचो. आपले सर गेल्यावर त्यांच्या खोलीतल्या वह्या आणि फोटो साठवलेल्या टेप माझ्याकडे आल्या होत्या. दोन वर्षं त्यांच्यामागे लागले आहे. आपण ज्या तारकापुंजाचे चार वर्षं फोटो काढत होतो, त्यात एका कोपऱ्यात एक अगदी किरकोळ तारा आहे. तो दर अठरा दिवसांनी उजळतो आणि मग हळूहळू मंदावत जातो. तिसऱ्या वर्षीचे सहा आठवडे हवा खराब असावी, ते सोडले तर चार वर्षांत एकदाही चुकत नाही. म्हणजे त्याच्याभोवती काहीतरी फिरतंय. जड, काळं, आपल्याला न दिसणारं. पृथ्वीच्या इतक्या जवळ असं काही आजवर कुणाला सापडलेलं नाही. त्या बिचाऱ्या ताऱ्याकडे आपल्याशिवाय कुणी इतका वेळ बघितलंच नव्हतं.

आणि वेळ कशी जुळून आली आहे बघ. आमच्या वेधशाळेच्या संचालकपदाची निवड एप्रिलच्या शेवटी आहे. अर्ज भला मोठा आहे. एकूण पेपर किती, त्यांना उद्धरणं किती, म्हणजे इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, एच-इंडेक्स किती, आणि सगळ्यात चांगले पाच पेपर कोणते. माझे शहाऐंशी आहेत, उद्धरणं तीन हजारांच्या वर. पण समोर टकले महाशय आहेत, त्यांचे एकशे चाळीस! रोज कॅन्टीनमध्ये तो आकडा ते काहीतरी निमित्त काढून सांगतात. माझं जेवण तिथेच कडू होतं. पाच पेपरांमधली पाचवी जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे हा अठरा दिवसांचा तारा बसला की महाशय गप्प.

आभारांत तुझं नाव घातलं आहे, अगदी पहिल्या ओळीत. आईला सांग. गुडघ्यांना शेक चालू आहे ना?

तुझी
चिंगी

१९ जानेवारी

चिंगे,

अभिनंदन. शहाऐंशी, तीन हजार, एकशे चाळीस, सगळे आकडे पोचले.

आईला सांगायची गरज पडली नाही. तुझं पाकीट तिने माझ्याआधी फोडलं होतं. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे ती दर एक तारखेला तुझी उद्धरणं लिहून ठेवते, हे तुला माहीत आहे का? बाळाचं वजन लिहावं तशी. तिला ते संगणकावर बघायला शिकवलं कुणी? मीच. माझ्या हाताने माझ्या घरात माझ्याच डोळ्यांसमोर तुझा आलेख चढतो आहे. चहा ओतताना रोज दिसतो.

एकदा मी तिला म्हटलं, "आई, माझंही बघ की." तिने बघितलं. सात पेपर, एक्केचाळीस उद्धरणं. ती म्हणाली, "अगं, पण तुला कॉलेजात शिकवायचं असतं ना, तुला कुठे वेळ?" इतक्या प्रेमाने म्हणाली की मला बशी फोडावीशी वाटली. त्या एक्केचाळिसांतली नऊ माझी मीच दिलेली आहेत आणि अकरा तू. म्हणजे घराबाहेरची एकवीस. एच-इंडेक्स चार. याचा अर्थ चार पेपर असे की ज्यांना निदान चार-चार लोकांनी तरी उद्धृत केलं. तुझा एकोणतीस आहे, तो अर्थ तुला सांगायला नको.

आभारांत नाव घातलंस, उपकार झाले. डोंगरावर चार वर्षांपैकी दोन वर्षं मी काढली. दुर्बिणीला डोळा लावायला तुला मी शिकवलं. पहिल्या दिवशी तू भिंगाची टोपी न काढता अर्धा तास "काहीच दिसत नाही" म्हणून रडत होतीस, ती टोपी मी काढली. आता म्हणशील, तेव्हाच का नाही बोललीस? बोलणार काय? लग्न झालं, गाव बदललं, कॉलेजात नोकरी मिळाली आणि मी डोंगरावर परत गेले नाही. त्याचा दोष तुझ्यावर नाही. पण आभारांना उद्धरणं मिळत नाहीत गं.

जाऊ दे. आई म्हणते मी अलीकडे फणकारते. वय झालं असेल. सध्या सहामाहीचे पेपर तपासते आहे आणि शिवाय थोडं वाचायचं काम बाहेरून आलं आहे, त्यात वेळ जाईल. पुढचं पत्र उशिरा आलं तर रागावू नकोस.

गुडघे तसेच.

ताई

२ फेब्रुवारी
(हे पत्र टाकलं नाही.)

चिंगे,

हे पत्र मी टाकणार नाही. म्हणून खरं लिहिते.

तुझा पेपर माझ्याकडेच आला आहे. मासिकाच्या संपादकांनी परीक्षक म्हणून मला विचारलं. तुझं आडनाव माहेरचं, माझं सासरचं, त्यांना काय कळणार की आपण सख्ख्या बहिणी? परीक्षकाचं नाव लेखकाला सांगत नाहीत. मी "नातं आहे, जमणार नाही" असं एका ओळीत कळवायला हवं होतं. ती ओळ लिहिलीसुद्धा. मग खोडली आणि "आनंदाने" असं लिहिलं.

आनंदानेच! मी सकाळी पहिला तास संपवून स्टाफरूमच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले आणि एका दमात सगळा वाचला. फार चांगला लिहिला आहेस. जळफळाट झाला माझा. तुझी वाक्यं पूर्वी पसरट असायची, आता एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. आलेख बघितला. अठरा दिवस, पुन्हा अठरा दिवस, किती देखणा! आणि मग सहाव्या पानावर ते वाक्य आलं. "निरीक्षणे दोन निरीक्षकांनी आळीपाळीने घेतली. दोघांची कार्यपद्धती सर्व बाबतींत सारखी होती."

मी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. वाक्य तिथेच होतं.

चिंगे, तुझा पेपर चुकला आहे. मुळापासून चुकला आहे. कुठे ते मला दिसतं आहे. जगात दुसऱ्या कुणालाही दिसणार नाही, निदान आज तरी नाही. उद्या कुणी दुसऱ्या दुर्बिणीने त्या ताऱ्याकडे महिनाभर बघितलं की सगळं कोसळेल, आणि ते बघतीलच, तू इतकं सांगितल्यावर का नाही बघणार? तेव्हा तू संचालकाच्या खुर्चीत असशील. आईच्या कॅलेंडरवर आकडे चढतच राहतील, कारण चूक दाखवणाऱ्यालाही तुलाच उद्धृत करावं लागतं. पण प्रत्येक वेळी "हा दावा पुढे चुकीचा ठरला" असं लिहून.

मला ते बघायचं आहे. खोटं लिहीत नाही. एकदा, फक्त एकदा, तुला पडलेलं बघायचं आहे.

अहवालात मी स्वल्पविरामांबद्दल लिहिणार आहे.

२० फेब्रुवारी

ताई,

परीक्षकाचा अहवाल आला. हसावं की रडावं कळत नाही. चौदा हरकती आहेत! तिसऱ्या आकृतीतला जांभळा रंग डोळ्यांना टोचतो. दुसऱ्या तक्त्याच्या रेघा जाड आहेत. पाचव्या पानावर एका वाक्यात तीन स्वल्पविराम आहेत, त्यातले दोन अनावश्यक. "लेखिकेने उत्साहाला थोडा आवर घालावा," असंही एक वाक्य आहे. कोण असेल गं हा प्राणी? माझ्या डोळ्यांसमोर एक चिडका म्हातारा येतो, खिशाला चार पेनं लावलेला आणि घरी कुणी विचारत नसलेला.

पण मुद्द्याला एकही हरकत नाही. अठरा दिवसांबद्दल अक्षर नाही. खरं सांगते, त्यामुळे बरं वाटण्याऐवजी मला धास्तीच वाटते आहे.

तुला एक विचारायचं आहे. हसू नकोस. आपली ड्युटी नऊ-नऊ दिवसांची होती. नऊ तू, नऊ मी. दोन्ही मिळून अठरा. हे माझ्या लक्षात आलं नसेल असं समजू नकोस, पहिल्या आठवड्यातच आलं. मी वह्या पुन्हा पुन्हा तपासल्या. तोच कॅमेरा, तेवढाच वेळ, तीच दिशा, तुझ्या आणि माझ्या नोंदी शब्दाला शब्द सारख्या, कारण मी सगळं तुझं बघूनच शिकले होते. माझे फोटो धुरकट यायचे खरे, पण तुलनेसाठी घेतलेल्या ताऱ्यावरही तो धूर तेवढाच पडणार. मग आपल्या ड्युटीने ताऱ्याला काय फरक पडणार? योगायोगच असला पाहिजे. टकले महाशय रोज एकाच वेळी शिंकतात, तोही योगायोगच.

तरी विचारते. तू वर असताना काही वेगळं करायचीस का? काहीही. वहीत न लिहिलेलं. तू सांगितलंस की मी निर्धास्त.

आईला म्हणावं या महिन्यात एकोणचाळीस वाढली.

चिंगी

१ मार्च

चिंगे,

तुझ्या त्या परीक्षकाबद्दल वाचून वाईट वाटलं. पण जांभळ्या रंगाबद्दल त्याचं बरोबर आहे. तू लहानपणापासून सगळं जांभळं रंगवतेस, झाडंसुद्धा. आणि म्हातारा कशावरून? असेल एखादा साधा माणूस, आपलं काम मन लावून करणारा. सगळ्यांनाच कॅन्टीनमध्ये आकडे ऐकवता येत नाहीत.

सांगितलेल्या सुधारणा निमूटपणे कर आणि परत पाठव. वाद घालत बसलीस तर एप्रिल हातचा जाईल.

तू विचारलंस त्याबद्दल. नाही, मी काही वेगळं करत नव्हते. फरक एवढाच की मी वेळेवर उठायचे आणि तू उठायची नाहीस. वहीत जे आहे तेच.

इथे कॉलेजात माझ्या खोलीतला पंखा बदलला. एवढीच माझ्याकडची बातमी. आई तुझ्या संचालकपदाची गोष्ट शेजारी सांगून आली आहे. निवड अजून व्हायची आहे असं मी म्हटलं तर माझ्याकडे अशी बघते की मीच ती अडवली आहे.

ताई

१८ मार्च

ताई, ताई, ताई!

स्वीकारला! दुसरा अहवाल फक्त दोन ओळींचा. "सुधारणा समाधानकारक आहेत. लेख प्रसिद्ध करावा." ११ एप्रिलच्या अंकात येतोय. बावीस एप्रिलला निवड समितीसमोर त्याच्यावरच बोलायचं आहे. काल संध्याकाळी ऑफिसमधून चालत घरी आले, बस सोडून, नुसतं हवेत हात हलवत. दोन माणसं बाजूला झाली.

आता एक कबुली. चिडू नकोस.

परीक्षक तू आहेस हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हातारा-बितारा सगळं सोंग होतं. पेपर पाठवताना एक रकाना असतो, "योग्य परीक्षकांची नावे सुचवा". तिथे मी एकच नाव लिहिलं होतं, तुझं. बहीण आहे हे लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. चूकच केली, आणि पुढे कधी कळलं तर ओरडा खाईन. पण मला दुसरं कुणी नको होतं.

का ते ऐक. तो नऊ आणि नऊचा किडा माझ्या डोक्यातून जात नव्हता. आणि माझ्या पेपरची स्तुती करणारे आता फार झाले आहेत, ताई. तीन हजार उद्धरणं असली की लोक वाचत नाहीत, नुसते मान डोलावतात. मला असं कुणीतरी हवं होतं की जे माझी चूक मनापासून शोधेल. शाळेत माझ्या निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, आठवतं? आईने तो पाहुण्यांना वाचून दाखवला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि तू एकटी म्हणालीस, "दुसऱ्या परिच्छेदात सूर्य पश्चिमेला उगवलाय." मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण बघ, उगवला होता.

तू माझ्यावर जळतेस हे मला माहीत आहे. लपवतेस, पण ते लपत नाही. मला त्याचं वाईट वाटायचं, आता वाटत नाही. उलट मनात म्हटलं, ही जर पेपर घेऊन बसली तर एक अक्षर सोडणार नाही. चूक असेल तर हिला सापडेल, आणि सापडली तर ही मला सांगितल्याशिवाय राहणार नाही. तेवढा आनंद ही कशाला सोडेल?

आणि तुला फक्त स्वल्पविराम सापडले! तू पास केलंस म्हणजे बरोबरच आहे. परवापासून मला शांत झोप लागते आहे.

तुझीच
चिंगी

२३ मार्च

चिंगे,

तुझं पत्र काल दुपारी आलं. मी ते वाचून तशीच वर्गावर गेले आणि एकच सूत्र दोनदा लिहिलं. मुलं हसली.

तुला फोन लावला. आईने माझ्या हातातून घेतला आणि संचालकीणबाई म्हणून तुझी थट्टा करत बसली. तिच्यासमोर मला बोलता येईना. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टने पाठवते आहे. संपादकांना आज सकाळीच कळवलं आहे, की मी लेखिकेची बहीण आहे, मला चूक माहीत होती आणि मी लपवली, लेख थांबवा. त्यांचं उत्तर तासाभरात आलं. परीक्षकांच्या यादीतून माझं नाव कायमचं काढलं आहे. ते योग्यच केलं.

आता चूक.

तारकापुंजाचे फोटो सुरू झाले त्याच महिन्यात डोंगरावरचे जुने तंत्रज्ञ काका निवृत्त झाले, त्या दिवशी ड्युटीवर मी होते. जाताना त्यांनी मला कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडून दाखवलं. आत निळ्या खड्यांची एक पुडी असते. ते खडे ओल शोषतात. शोषून शोषून दमले की गुलाबी होतात, मग पुडी बदलायची, नाहीतर आतल्या काचेवर दव धरतं. माझ्या हातात पुड्यांचा डबा दिला आणि म्हणाले, "धाकटीलाही दाखवून ठेव." मी हो म्हटलं.

दाखवणार होते. खरंच. पण पुढच्या आठवड्यात सरांनी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर तुझी गणितं उचलून धरली. तू किती पुढे जाशील, तुझ्यासारखं डोकं त्यांनी बघितलं नाही, वगैरे. मी तिथेच कप घेऊन उभी होते. माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाले, "मोठीचे फोटो मात्र स्वच्छ असतात हं." तेवढंच एक माझ्याकडे होतं, चिंगे. स्वच्छ फोटो. ते मी तुला देणार नव्हते. डबा मी माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली खाली घेऊन जाऊ लागले.

वर गेले की पहिलं काम पुडी बदलणं. काच लख्ख. मग माझे नऊ दिवस ती हळूहळू ओलावायची, आणि तुझे नऊ दिवस आणखी. दव धरायचं ते खालच्या कोपऱ्यात. आपला तो तारा फोटोत कायम खालच्या कोपऱ्यात असायचा. तू ज्याच्याशी त्याची तुलना केली आहेस तो तारा वरच्या कोपऱ्यात, कोरड्या काचेवर. म्हणून एक मंदावतो आणि दुसरा मंदावत नाही. त्या खालच्या कोपऱ्यातला दुसरा कुठलाही तारा घेऊन बघ, तोही अठरा दिवसांनीच उजळेल.

तुझ्याशी मी तीनदा खोटं वागले. तेव्हा डबा लपवला. अहवालात लपवलं. आणि तू सरळ विचारलंस तेव्हा "नाही" म्हटलं. पहिलं तरुणपणी केलं असं म्हणता येईल, दुसरं-तिसरं या वयात केलं. तू पडावीस असं मला वाटत होतं. तुझं पत्र आलं नसतं तर मी बहुतेक गप्पच बसले असते. तू मला इतकं नीट ओळखतेस आणि तरी इतकं चुकीचं ओळखलंस, हे मला सहन झालं नाही.

आणखी एक. तिसऱ्या वर्षीचे सहा आठवडे तू गाळलेस, कारण त्यात तारा एकदाही उजळला नाही. हवा खराब असावी असं तू धरलंस. हवा चांगली होती. मला कावीळ झाली होती, मी घरी झोपून होते आणि माझ्या जागीही तूच वर राहिली होतीस.

तो तारा उजळत नव्हता, चिंगे. मी येत होते.

ताई

२६ जून

चिंगे,

आज मासिकाकडून एक फॉर्म आला. काचेवरच्या दवाबद्दल दीड पानाचं टिपण, वर माझं नाव आधी, तुझं नंतर. सही करून पाठवा. सोबत तुझी एक ओळसुद्धा नाही.

सही केली. माझं नाव आधी का, ते मी विचारत नाही. संचालक कोण झालं ते आईला वर्तमानपत्रातून कळलं, तिने मला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. तिला मी सगळं सांगितलं आहे.

काहीतरी लिही. शिव्या लिही. फोनवर भांडायचं असेल तरी चालेल.

ताई

१४ डिसेंबर

ताई,

नऊ महिने लिहिलं नाही, कारण जे लिहायचं होतं ते कागदावर मावत नव्हतं. तीन पत्रं फाडली. चौथ्यात नुसतीच तुझी लाज काढली होती, तेही फाडलं.

बावीस एप्रिलला मी समितीसमोर गेले आणि पाचव्या जागेवर काही नाही असं सांगितलं. का नाही, तेही सांगितलं, रकान्यात मी बहिणीचं नाव लिहिलं त्यासकट. टकले महाशय संचालक झाले. त्यांनी येऊन माझा हात हातात घेतला आणि फार सहानुभूती दाखवली. तो हात मी नंतर धुतला.

डब्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. अहवालाबद्दल कधीतरी करेन, कारण ते सहा आठवडे मी गाळले होते, तू नाहीस. न जुळणारं ते खराब हवेवर ढकलून मोकळी झाले. हेच माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने केलं असतं तर मी त्याचे कान धरले असते. पण तो डबा! बावीस वर्षांची होते मी. माझे फोटो धुरकट येतात म्हणून आरशात बघून रडायचे. वाटायचं की माझे हातच वाईट आहेत. म्हणून मी दुर्बीण सोडून गणिताकडे वळले, ताई. ते शहाऐंशी पेपर तिथून आले. आता यासाठी तुझे आभार मानायचे की तुझा गळा धरायचा, ते तूच ठरव.

तुझं नाव आधी घातलं कारण ते टिपण तुझंच होतं. दुसरं काही कारण नाही. चांगुलपणा समजू नकोस.

आता मूळ मुद्दा. आपलं दीड पान जुलैमध्ये आलं. आज सकाळी बघितलं, एक्केचाळीस उद्धरणं! पाच महिन्यांत! जुन्या टेप बाहेर काढणारा प्रत्येक जण आपापल्या कॅमेऱ्याची ओल तपासतो आहे आणि खाली तुझं नाव लिहितो आहे. तुझ्या आयुष्यभराच्या सात पेपरांना मिळून जेवढी होती तेवढी एका दीड पानाला. माझ्या पहिल्या पेपरला एक्केचाळीस व्हायला सहा वर्षं लागली. आणि लोक पहिल्या नावानेच ओळखतात, दुसरं नाव "व इतर" मध्ये जातं. मी "व इतर" झाले आहे, ताई. एकटीच इतर.

काल आईचा फोन आला. गुडघे झाले. मग म्हणाली, "ताईची एक्केचाळीस झाली म्हणे. कॅलेंडरवर तिची वेगळी ओळ काढली आहे, वरती. तुझी या महिन्यात किती गं?"

इतक्या प्रेमाने म्हणाली. माझ्या हातात कप होता, तो फोडावासा वाटला. मला काय झालं ते घरात कुणाला सांगून उपयोग नाही, सगळे हसतील. मग आठवलं, की हे ज्याला नीट कळेल असं जगात एकच माणूस आहे. म्हणून लिहायला बसले.

चिंगी